इंग्रजीतली मोडल क्रियापदं : अर्थ पाठ असूनही वापर का चुकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती, शुड म्हणजे पाहिजे, हा तक्ता पाठ आहे. 'कुड' हा 'कॅन'चा भूतकाळ, हेही माहीत आहे. मग 'कुड यू हेल्प मी' यात भूतकाळ कुठे आला? 'मस्ट' आणि 'हॅव टू' यांत नेमका फरक काय? आणि 'मस्ट हॅव', 'शुड हॅव' अशी जोडी समोर आली की सगळं का हातातून निसटतं?

तिन्ही अडचणींचं मूळ त्या तक्त्यात आहे. तक्ता शब्दासमोर अर्थ लिहितो, पण मोडलचा अर्थ पूर्ण वाक्यात ठरतो. 'ही केम' म्हटलं की बातमी कळली, तो आला. 'ही मे कम', 'ही मस्ट कम', 'ही शुड कम', 'ही वुड कम' यांपैकी एकाही वाक्यातून तो आला की नाही हे कळत नाही. कळतं ते एवढंच की त्याच्या येण्याबद्दल बोलणाऱ्याची भूमिका काय आहे : तो परवानगी देतोय, दबाव आणतोय, अंदाज बांधतोय की अट घालतोय. मोडल वाचताना 'काय घडलं' हे शोधायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. 'बोलणारा कुठे उभा आहे' हे शोधलंत तर बाकीचं आपोआप सुटतं.

आधी रूपाचा भाग उरकून घेऊ, कारण तो सोपा आहे आणि तरीही परीक्षेत सगळ्यात जास्त गुण तिथेच जातात. खरी मोडल नऊ : कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. यांना 'ही' किंवा 'शी'सोबत एस लागत नाही, आयएनजी लागत नाही, पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं आणि मध्ये 'टू' येत नाही. प्रश्न करताना 'डू' लागत नाही, मोडल स्वतःच पुढे सरकतं. आणि एका क्रियापदसमूहात एकच मोडल बसतं. म्हणून 'विल कॅन' होत नाही, 'विल बी एबल टू' होतं. 'कॅन एबल टू' हे तर आपल्याकडचं लाडकं वाक्य. त्यात 'कॅन' आणि 'एबल टू' दोघंही एकच काम करतात, एकाला घरी पाठवायचं. (स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात बोलीत 'माइट कुड' असं ऐकू येतं. ऐकायला मजा येते, पण लिहायच्या इंग्रजीत ते चालत नाही.) 'ऑट टू', 'यूज्ड टू', 'हॅव टू', 'हॅड बेटर' ही शेजारची मंडळी. अर्थाने जवळची, पण वागणूक प्रत्येकाची निराळी. 'हॅव टू' तर सरळसरळ साधं क्रियापद आहे : 'ही हॅज टू', 'डज ही हॅव टू', 'ही हॅड टू'.

एस का लागत नाही, असं कोणी विचारलं तर 'नियम आहे' एवढंच सांगितलं जातं. खरं कारण रंजक आहे. जुन्या इंग्रजीत ही पूर्ण अर्थाची क्रियापदं होती : 'कॅन' म्हणजे जाणणे, 'मे' म्हणजे अंगात बळ असणे, 'शॅल' म्हणजे देणं लागणे, 'विल' म्हणजे इच्छा असणे. यांतल्या बहुतेकांचं वर्तमानकाळी रूप हे मुळात त्याहूनही प्राचीन भूतकाळाचं रूप होतं, आणि भूतकाळी रूपाला एस कधीच लागत नाही. 'विल' वेगळ्या कुळातलं, पण संगतीने तेही तसंच वागू लागलं. 'मस्ट'ची गोष्ट अजून पुढची. ते ज्या क्रियापदाचं भूतकाळी रूप होतं त्याचं वर्तमानकाळी रूप काळाच्या ओघात नाहीसं झालं आणि 'मस्ट'च वर्तमान म्हणून बसलं. त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा भूतकाळ उरलाच नाही आणि तिथे 'हॅड टू' उसना आणावा लागतो. जाता जाता : 'कुड'च्या स्पेलिंगमधला एल मुळात नव्हता. 'शुड' आणि 'वुड'मध्ये तो पूर्वीपासून होता, त्यांच्याकडे बघून १५व्या-१६व्या शतकांच्या सुमारास 'कुड'लाही तो चिकटवला गेला.

आता अर्थाकडे. मोडल दिसलं की पहिला प्रश्न हा विचारायचा : बोलणारा कृतीबद्दल बोलतोय की स्वतःच्या खात्रीबद्दल?

एक वाक्य जवळून पाहू. 'ही मस्ट लिव्ह अलोन.' समजा एखादा डॉक्टर संसर्ग झालेल्या रुग्णाबद्दल हे बोलतोय. मग अर्थ होतो, 'त्याला एकट्यानंच राहायला हवं.' ही कृतीबद्दलची सक्ती झाली. आता समजा तुम्ही कोणाच्या दारात उभे आहात, बाहेर चपलांचा एकच जोड आहे, पाटीवर एकच नाव आहे. तुम्ही सोबतच्या माणसाला तेच वाक्य म्हणता. अर्थ होतो, 'तो एकटाच राहत असणार.' इथे कोणी कोणाला काही करायला लावत नाही, तुम्ही पुराव्यावरून निष्कर्ष काढताय. शब्द तेच, क्रम तोच. मराठीत आपण या दोन गोष्टींसाठी मुळातच निराळी घडण वापरतो, 'राहायला हवं' आणि 'राहत असणार'. त्यामुळे इंग्रजीतलं एकच रूप दोन्हीकडे चालतं हे आपल्याला सहज जाणवत नाही, आणि 'मस्ट म्हणजे पाहिजे' हे एकच समीकरण डोक्यात पक्कं होतं. मग 'यू मस्ट बी टायर्ड' ऐकल्यावर 'तू दमलं पाहिजेस' असा विचित्र अर्थ मनात येतो. तो आहे 'दमला असशील ना'.

हा दुपदरीपणा जवळजवळ प्रत्येक मोडलमध्ये आहे. 'यू मे गो' म्हणजे जा, परवानगी आहे. 'इट मे रेन' म्हणजे पाऊस पडू शकतो, इथे आभाळाला परवानगी कोण देणार? 'यू शुड कॉल हर' हा सल्ला. 'शी शुड बी देअर बाय नाऊ' हा हिशेब : निघाली तेव्हाची वेळ आणि अंतर पाहता एव्हाना पोहोचली असायला हवी. मराठीतलं 'पोहोचायला हवी' मात्र इथे इंग्रजीसारखंच दोन्हीकडे चालतं, त्यामुळे 'शुड' तुलनेने कमी छळतं.

ओळखायचं कसं? संदर्भ तर आहेच, पण रूपातही एक चांगली खूण असते. मोडलच्या पुढे 'बी' अधिक आयएनजी आलं, 'हॅव' अधिक तिसरं रूप आलं, किंवा 'बी' (असणे), 'नो' (माहीत असणे), 'लव्ह' अशी स्थिती दाखवणारी क्रियापदं आली, तर बहुतेक वेळा तो अंदाज असतो. 'यू मस्ट वर्क' हा हुकूम, 'यू मस्ट बी वर्किंग' हा अंदाज. शंभर टक्के नाही, पण वाचताना खूप उपयोगी पडणारी खूण आहे.

दुसरा प्रश्न 'कुड', 'वुड', 'माइट' यांच्यासाठी. यांना भूतकाळी रूपं म्हणतात खरं, पण भूतकाळ हा त्यांच्या अनेक कामांपैकी एक. त्यांचं खरं काम म्हणजे अंतर दाखवणं. अंतर काळाचं असू शकतं, वास्तवापासूनचं असू शकतं, किंवा समोरच्या माणसापासून अदबीनं राखलेलं असू शकतं.

हे मराठी माणसाला समजवायला फार कष्ट पडू नयेत, कारण आपणही नेमकं हेच करतो. कोणाच्या केबिनमध्ये डोकावून आपण काय म्हणतो? 'सर, तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.' होतं? बोलायचं तर आत्ताच आहे! पण 'बोलायचंय' म्हटलं की समोरच्यावर भार पडतो, 'होतं' म्हटलं की त्याला नकार द्यायला वाट मिळते. 'कुड यू हेल्प मी' यातला 'कुड' आणि या वाक्यातला 'होतं' सख्खी भावंडं आहेत. दोन्हीकडे रूप भूतकाळाचं, वेळ आत्ताची, आणि मधलं अंतर आदबीचं.

तीच गोष्ट वास्तवापासूनच्या अंतराची. 'इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.' वेळ असता तर आलो असतो, म्हणजे वेळ नाही. 'आय कॅन लिफ्ट इट' म्हणजे उचलू शकतो. 'आय कुड लिफ्ट इट' म्हणजे मनात आणलं तर उचलेन, बहुधा. 'इट मे रेन' आणि 'इट माइट रेन' यांतही तोच सूर : दुसऱ्यात शक्यता किंचित लांबची. आजच्या बोलण्यात या शेवटच्या जोडीतला फरक बराच पुसट झालाय, त्यावर फार जीव काढू नका. मात्र बोलताना 'मे'पेक्षा 'माइट' जास्त ऐकू येतं आणि 'मे' थोडं लेखी वाटतं, एवढं लक्षात ठेवा.

खऱ्या भूतकाळातल्या 'कुड'मध्ये एक खड्डा आहे आणि चांगलं इंग्रजी बोलणारेही त्यात पडतात. भूतकाळात अंगी असलेली क्षमता सांगायची तर 'कुड' बरोबर : 'शी कुड स्विम व्हेन शी वॉज फोर', चार वर्षांची असताना तिला पोहता यायचं. पण एका विशिष्ट वेळी एखादी गोष्ट करून दाखवली, साध्य झाली, तर होकारार्थी वाक्यात 'कुड' बसत नाही. किल्ली हरवली होती, तरी खिडकीतून आत जाता आलं : इथे 'आय वॉज एबल टू गेट इन' किंवा 'आय मॅनेज्ड टू गेट इन'. 'आय कुड गेट इन' म्हटलंत तर ऐकणारा पुढच्या 'पण'ची वाट बघत राहतो, कारण त्याला वाटतं, जाऊ शकत होतात, पण गेलात की नाही? नकारात मात्र 'कुडन्ट' बिनधास्त चालतं, कारण जमलंच नाही म्हटल्यावर गोंधळाला जागा उरत नाही. आणि 'सी', 'हिअर', 'स्मेल' अशा इंद्रियांच्या क्रियापदांबरोबर होकारार्थीही चालतं : 'आय कुड हिअर हिम स्नोअरिंग.'

आता 'मस्ट' आणि 'हॅव टू'. होकारार्थी वाक्यात ढोबळ फरक हा, की 'मस्ट'मध्ये दबाव बोलणाऱ्याचा असतो आणि 'हॅव टू'मध्ये बाहेरचा. 'आय मस्ट स्टॉप स्मोकिंग' म्हणजे माझं मलाच वाटतंय. 'आय हॅव टू स्टॉप स्मोकिंग' म्हणजे डॉक्टरांनी बजावलंय. मराठीतल्या 'जायला पाहिजे' आणि 'जावं लागतं' या जोडीशी हे बरंच जुळतं. 'लागतं'मध्ये परिस्थितीची तक्रार असते, 'पाहिजे'मध्ये आपला निर्णय. रोजच्या बोलण्यात हा फरक नेहमी पाळला जातो असं नाही. शिवाय एकंदरीतच 'मस्ट' मागे पडत चाललंय. जेफ्री लीच या भाषाशास्त्रज्ञाने १९६१ आणि १९९१-९२ मधल्या छापील इंग्रजीच्या नमुना-संग्रहांची तुलना केली तेव्हा 'शॅल', 'मस्ट' आणि 'मे' घटलेले दिसले आणि 'नीड टू' ठळकपणे वाढलेलं दिसलं. कारणांवर मतभेद आहेत, पण 'मस्ट'मध्ये बोट रोखून बोलल्याचा वास येतो आणि तो लोकांना नकोसा झालाय, हे मला पटतं. 'यू नीड टू साइन हिअर' म्हणजे सही करणं जणू तुमचीच गरज. हुकूम तोच, पण अंगावर येत नाही.

खरी गंमत नकारात आहे. होकारात जे दोघं जवळजवळ सारखे वाटतात ते नकारात उत्तर-दक्षिण होतात. 'यू मस्ट नॉट टेल हर' म्हणजे तिला सांगता कामा नये, मनाई. 'यू डोन्ट हॅव टू टेल हर' म्हणजे तिला सांगायची गरज नाही, सांगितलंस तरी चालेल. एकात दार बंद, दुसऱ्यात उघडं. कारण असं की 'मस्ट नॉट'मधला 'नॉट' पुढच्या कृतीला लागतो : 'न सांगणं' सक्तीचं. 'डोन्ट हॅव टू'मधला नकार सक्तीलाच लागतो : 'सांगण्याची सक्ती' नाही. कामाच्या ईमेलमध्ये 'यू मस्ट नॉट अटेंड द मीटिंग' असं लिहून मग समोरचा का दुखावला, असा प्रश्न पडलेली मंडळी मी पाहिली आहेत. म्हणायचं होतं, 'तुम्ही नाही आलात तरी चालेल.' गेलं असं, की 'याल तर खबरदार.'

नकार कशाला लागतो हा धागा पकडला की 'मे नॉट'चं कोडंही सुटतं. 'ही मे नॉट कम' : अंदाज असेल तर नकार 'येण्या'ला लागतो, तो कदाचित येणार नाही. परवानगी असेल तर नकार परवानगीला लागतो, त्याला यायची मुभा नाही. आणि 'मस्ट' निष्कर्षाच्या अर्थाने असेल, तर त्याचा नकार प्रमाण इंग्रजीत सहसा 'मस्ट नॉट' होत नाही, 'कान्ट' होतो. 'ही मस्ट बी ॲट होम' याच्या विरुद्ध 'ही कान्ट बी ॲट होम, द लाइट्स आर ऑफ', दिवे बंद आहेत, तो घरी असणं शक्य नाही. अमेरिकन बोलण्यात इथे 'मस्ट नॉट' ऐकू येतं, तेवढं एक सोडून द्या.

आता तुमचा तिसरा प्रश्न, 'हॅव' अधिक तिसरं रूप. इथे मोडलला स्वतःचा नीट भूतकाळ नसल्यामुळे इंग्रजीने एक युक्ती केली : मोडल जागच्या जागी ठेवलं आणि त्याच्या पुढच्या क्रियापदाला मागे ढकललं. म्हणजे मत, निष्कर्ष, चुटपुट हे आत्ताचं, घटना मात्र मागची. 'ही मस्ट हॅव लेफ्ट' : निष्कर्ष मी आत्ता काढतोय, निघणं आधी झालंय. मराठी इथे इतकी समृद्ध आहे की हे वाक्यप्रकार मराठीकडून शिकलेलेच बरे. 'गेला असणार' म्हणजे 'मस्ट हॅव गॉन'. 'गेला असेल' म्हणजे 'मे हॅव' किंवा 'माइट हॅव गॉन'. 'गेला नसणारच' म्हणजे 'कान्ट हॅव गॉन'. 'जायला हवा होता' म्हणजे 'शुड हॅव गॉन', अर्थात गेला नाही. 'गेला असता' म्हणजे 'वुड हॅव गॉन', पण काहीतरी आड आलं. 'जाऊ शकला असता' म्हणजे 'कुड हॅव गॉन'. या सहा ओळी स्वतःच्या रोजच्या प्रसंगांवर घोळवा, 'आला', 'विसरला', 'पाहिलं', 'सांगितलं' घालून. इंग्रजीकडून मराठीकडे जाण्यापेक्षा उलट दिशेने सराव केलात तर लवकर बसतं, कारण भावना आधी मराठीतच येते.

यातल्या 'मे हॅव' आणि 'माइट हॅव'मध्ये मात्र फरक सांभाळा. नदीत कोणी बेपत्ता आहे, शोध चालू आहे : 'ही मे हॅव ड्राउन्ड', बुडाला असेल, अजून माहीत नाही. इथे 'माइट हॅव'सुद्धा चालतं. पण तो सापडलाय, काठावर अंग पुसत बसलाय आणि तुम्ही रागावून म्हणताय, 'यू माइट हॅव ड्राउन्ड!', बुडाला असतास म्हणजे! इथे 'मे हॅव' काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत खटकतं, कारण जे घडलं नाही हे पक्कं माहीत आहे तिथे अंतर दाखवणारं रूपच हवं. हल्ली बातम्यांतही हा फरक मोडलेला दिसतो. मला तरी तो जपावासा वाटतो, कारण वाचणाऱ्याला माणूस जिवंत आहे की नाही हे कळणं महत्त्वाचं असतं.

आणखी एक नाजूक जोडी : 'आय नीडन्ट हॅव कुक्ड' आणि 'आय डिडन्ट नीड टू कुक'. पहिल्यात स्वयंपाक केला आणि तो वाया गेला, उगाच केला. दुसऱ्यात गरज नव्हती एवढंच, केला की नाही हे संदर्भावर. पहिलं रूप ब्रिटिश वळणाचं आहे, पण भेटलं की चटकन अर्थ लागला पाहिजे.

'विल'ला भविष्यकाळाचं चिन्ह मानायची शाळेतली सवय थोडी सैल करा. भविष्य तर त्यात आहेच, पण त्यासोबत इच्छा आणि अंदाजही. 'द डोअर वोन्ट ओपन' : दार उघडत नाहीये, जणू हट्टाला पेटलंय. दार वाजलं की 'दॅट विल बी द पोस्टमन' : पोस्टमनच असेल. बघा, मराठीतही 'असेल' हे भविष्याचंच रूप आहे आणि आपण ते आत्ताच्या अंदाजासाठी वापरतो. 'ही विल सिट देअर फॉर अवर्स' : तासन्‌तास बसून राहील, ही सवय. यातल्या 'विल'वर जोर देऊन बोललात तर त्यात वैताग मिसळतो.

'वुड'चं दुखणं वेगळं आहे. 'विल'पेक्षा 'वुड' सभ्य, असं कधीतरी ऐकलेलं असतं आणि मग ते सगळीकडे पेरलं जातं : 'आय वुड बी कमिंग टुमॉरो.' ऐकणारा थांबतो. वुड? कोणती अट आहे? काही आड येणार आहे का? उद्या येणार हे नक्की असेल तर 'आय विल बी कमिंग' किंवा नुसतं 'आय ॲम कमिंग'. 'वुड' सभ्य वाटतं ते विनंतीत आणि इच्छेत : 'वुड यू माइंड', 'आय वुड लाइक'. पक्क्या बातमीत ते फक्त डळमळीत वाटतं. दुसरी चूक 'इफ'च्या अंगात 'वुड' घालण्याची. 'इफ आय वुड हॅव नोन' असं बोलीत सर्रास ऐकू येतं, पण लेखी इंग्रजीत 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम'. 'वुड' परिणामाच्या अंगाला, अटीच्या अंगाला नको. तिसरं : जुन्या सवयीसाठी 'वुड' आणि 'यूज्ड टू' दोन्ही चालतात, पण जुन्या स्थितीसाठी फक्त 'यूज्ड टू'. 'वी वुड प्ले हिअर' ठीक, 'वी वुड ओन अ हाउस हिअर' हे 'आमचं इथे घर होतं' या अर्थाने चालत नाही.

'शॅल'वर वेळ घालवू नका. 'आय' आणि 'वी'सोबत 'शॅल', बाकी सगळ्यांसोबत 'विल', आणि निश्चय दाखवायचा तर उलट, हा नियम जॉन वॉलिस यांनी १६५३ साली लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला आणि पुढच्या व्याकरणकारांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतला. आज रोजच्या वापरात 'शॅल' प्रामुख्याने दोन ठिकाणी उरलंय : 'शॅल आय ओपन द विंडो?' अशा विचारण्यात आणि कायद्याच्या भाषेत. तिथेही त्याला ओहोटी लागलीय. अमेरिकेच्या फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची भाषा २००७ मध्ये नव्याने लिहिली गेली, तेव्हा 'शॅल' काढून जागेनुसार 'मस्ट', 'मे' किंवा 'शुड' घातलं, कारण 'शॅल' नेमकं कर्तव्य सांगतं की नुसता भविष्यकाळ, यावर वाद होत होते.

मोडलची अचूक किंमत बघायची असेल तर एक जागा मी नेहमी दाखवतो, आणि ती व्याकरणाच्या पुस्तकात नाही. इंटरनेटची तांत्रिक मानकं ज्या दस्तऐवजांत लिहिली जातात, त्यांतला क्रमांक २११९ हा स्कॉट ब्रॅडनर यांनी मार्च १९९७ मध्ये लिहिला. त्यात हेच शब्द पक्के करून टाकलेत. 'मस्ट' म्हणजे अटळ आवश्यकता. 'मस्ट नॉट' म्हणजे पूर्ण मनाई. 'शुड' म्हणजे शिफारस, विशिष्ट परिस्थितीत ती बाजूला ठेवायला सबळ कारण असू शकतं, पण परिणाम तोलूनच तसं करायचं. 'मे' म्हणजे पूर्णपणे ऐच्छिक. एका मोडलच्या फरकाने दोन प्रोग्रॅमरमध्ये वाद होऊ शकतो, म्हणून हा खटाटोप. पुढे २०१७ मध्ये आणखी एक खुलासा करावा लागला, की हे खास अर्थ फक्त शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले असतील तरच धरायचे. सर्वसाधारण वाक्यातलं 'मस्ट' हे नेहमीचंच 'मस्ट'. तुम्ही कार्यपद्धती, सूचना, करार असं काही लिहीत असाल तर 'शुड' टाइप करण्यापूर्वी स्वतःला विचारा : समोरच्याने हे नाही केलं तर चालेल का? चालणार नसेल तर 'शुड' लिहू नका, मग ते कितीही सौम्य वाटो.

माणसांशी बोलताना मात्र हा जोर उलटासुलटा होतो, तेही सांगून ठेवतो. 'यू मस्ट' हा सगळ्यात कडक शब्द, पण 'यू मस्ट ट्राय धिस केक' हे आग्रहाचं, प्रेमाचं वाक्य आहे, कारण फायदा ऐकणाऱ्याचा आहे. 'घ्यायलाच पाहिजे!' असं आपण ताटात वाढताना म्हणतो तसंच. उलट 'माइट' हा सगळ्यात मवाळ, पण वरिष्ठ म्हणाले, 'यू माइट वॉन्ट टू चेक पेज थ्री', तर तिसऱ्या पानावर चूक आहे असं समजा आणि आधी तेच पान उघडा. 'यू माइट हॅव टोल्ड मी!' यात शक्यता-बिक्यता काही नाही, सरळ ओरडा आहे : सांगायला काय झालं होतं? आणि 'यू हॅड बेटर लीव्ह नाऊ' हे 'बेटर' शब्दामुळे सल्ल्यासारखं दिसतं, पण त्यात 'नाहीतर बघ' दडलेलं असतं. ग्राहकाला किंवा वरिष्ठाला ते कधीही लिहू नका.

परवानगीसाठी 'कॅन' की 'मे', हा वाद शाळांमध्ये अजून रंगतो. 'कॅन आय गो?' विचारलं की 'आय डोन्ट नो, कॅन यू?' असं खोचक उत्तर देणारे शिक्षक असतात. आजच्या इंग्रजीत परवानगीसाठी 'कॅन' पूर्णपणे रुळलेलं आहे, 'मे' जास्त औपचारिक, एवढंच. त्या शिक्षकांसमोर असाल तर 'मे' म्हणा आणि पुढे जा.

सरावासाठी वेगळं पुस्तक लागत नाही. इंग्रजी बातमीतला किंवा गोष्टीतला एखादा परिच्छेद घ्या, मोडलखाली रेघ मारा आणि प्रत्येकापाशी दोनच प्रश्न विचारा : कृतीबद्दल की खात्रीबद्दल? जवळचं रूप की अंतर राखणारं? मग ते मोडल काढून तिथे दुसरं घाला आणि वाक्य कोणाच्या तोंडी शोभेल ते बघा. 'द मिनिस्टर मे रिझाइन' च्या जागी 'मस्ट' घातलं की बातमीचा अग्रलेख होतो, 'शुड हॅव' घालून 'रिझाइन्ड' केलं की जुना हिशेब निघतो, 'वोन्ट' घातलं की मंत्र्यांचा हट्ट दिसतो. लिहिताना सुरुवातीला अंदाजाची वाक्यं वेगळी काढून ठेवा, कारण मराठी माणसाचं सगळ्यात जास्त अडतं ते तिथेच. आणि 'मे बी' दोन शब्दांत लिहिलं तर ते क्रियापद, 'ही मे बी लेट'. एका शब्दात लिहिलं तर ते 'कदाचित', 'मेबी ही इज लेट'. हा घोळ मात्र अर्थाचा नाही, नुसता स्पेसबारचा आहे.